पाहुणा म्हणवून घेता, तर पाहुण्याचा अदबही पाळा

क्रूझवर कसं वागावं याचे सल्ले आता मराठीतही उदंड झाले आहेत. मुंबईहून गोव्याला आणि लक्षद्वीपला जहाजं जाऊ लागली, सिंगापूर-दुबईच्या सहलींना समुद्रावरच्या तीन-चार रात्री जोडून मिळू लागल्या, तसे सल्लागारही वाढले. रात्रीच्या खास जेवणाला कोट घालावा का, काटा कोणत्या हातात धरावा, कप्तानासोबत फोटो कधी काढून मिळतो, सामान किती न्यावं, असं सगळं त्यात असतं. माहिती उपयोगाची आहे, त्याबद्दल तक्रार नाही. माझा आक्षेप असा की या यादीत जहाजावर राबणारा माणूस कुठेच नसतो. असलाच तर टिपेच्या एका ओळीत असतो, आणि तिथेही कमीत कमी किती दिलं तर भागेल एवढाच हिशेब असतो.

मला ही यादी उलटी वाटते. जो आपल्यासाठी दिवसाचे दहा-बारा तास उभा असतो त्याच्याशी कसं वागावं, हा क्रूझच्या शिष्टाचाराचा पहिला धडा. सोबतच्या प्रवाशांशी कसं वागावं हा दुसरा. ज्या किनाऱ्यावर आपण काही तासांसाठी उतरतो तिथल्या लोकांशी कसं वागावं हा तिसरा. हे तिन्ही जमले तर काटा कोणत्याही हातात धरा, कुणाचं काही बिघडत नाही.

गेस्ट म्हणजे कोण?

क्रूझ कंपन्या प्रवाशाला प्रवासी म्हणत नाहीत, 'गेस्ट' म्हणतात. चौकशीच्या खिडकीवरही 'गेस्ट सर्व्हिसेस' अशी पाटी असते. हा शब्द आपल्याला आवडतो. कुणाला नाही आवडणार?

मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे शब्द उलटून पाहायची सवय लागली आहे. मराठीत मेजवानी म्हणजे साग्रसंगीत जेवण. हा शब्द फारसीतून आला. उर्दूत आजही मेजबानी म्हणजे यजमानपण, पाहुण्याचं आगतस्वागत. मराठीत येता येता यजमान मागे राहिला आणि ताट तेवढं पुढे आलं. क्रूझवर आपलं नेमकं असंच होतं. ताट दिसतं, वाढणारा दिसत नाही.

अदब या शब्दाचंही तसंच. उर्दूत अदब म्हणजे साहित्य आणि अदब म्हणजेच शिष्टाचार. मराठीने त्यातला दुसरा अर्थ उचलला, म्हणून आपण 'अदबीने बोलणं' म्हणतो. आमच्या घरांत यजमानाचा अदब शिकवला जातो तसा मेहमानाचाही शिकवतात. समोर आलेल्या अन्नाला नाव ठेवू नये. यजमानाच्या झोपेची वेळ ओळखावी. घरातल्या बायका दमल्या असतील तर आणखी एका चहाची फर्माईश करू नये. हे कुणी पुस्तकातून शिकलेलं नाही, आईच्या डोळ्यांच्या धाकाने शिकलेलं आहे. तीच आपण माणसं जहाजाच्या जिन्यावर पाय ठेवला की सगळं विसरतो आणि एकच वाक्य लक्षात ठेवतो: पैसे भरलेत.

माझं भांडण या वाक्याशी आहे. पैसे भरले म्हणून आपल्याला खोली मिळाली, जेवण मिळालं, करमणूक मिळाली. त्यात कुणाला एकेरीत हाक मारायचा, चुटकी वाजवून बोलवायचा, त्याची लाज काढायचा हक्क येत नाही. तो विकायला ठेवलेलाच नाही. गिऱ्हाईक व्हायचं असेल तर गिऱ्हाईक व्हा आणि बिलाएवढ्याच सेवेवर समाधान माना. पाहुणा म्हणवून घ्यायचं असेल तर पाहुण्याची बंधनंही घ्या. मान पाहुण्याचा आणि मिजास मालकाची, असं दोन्ही कसं चालेल?

चाकर नव्हे, आपलंच माणूस

आमच्या कोकणातल्या वाचकांना हे जास्त टोचून सांगायला हवं. रत्नागिरी-रायगडच्या खाड्यांकाठी मुसलमानांच्या कितीतरी घरांत बोटीवरची नोकरी पिढ्यान्‌पिढ्या आहे. इंग्रजांच्या काळात पी अँड ओ कंपनीच्या जहाजांवर डेकवरच्या खलाशांत कोकणी माणूस मोठ्या संख्येने असे, आणि वाढपी व स्वयंपाकी गोव्याचे. खलाशी, सारंग, टंडेल, नाखवा हे शब्द आम्हाला कोशात शोधावे लागत नाहीत. कुणाच्या तरी आजोबांच्या नावामागे ते लागलेले असतात. आज त्याच घरांतली मुलं सीडीसी काढून क्रूझवर केबिन साफ करतात, बुफेमागे उभी राहतात, लाँड्रीत चादरी इस्त्री करतात.

माझा मामेभाऊ नऊ वर्षं अशा जहाजांवर केबिन स्टुअर्ड होता. त्याच्याकडे अठरा केबिन असत. सकाळी एकदा आवरायच्या, संध्याकाळी पुन्हा एकदा. करार आठ महिन्यांचा. त्या आठ महिन्यांत आठवड्याची सुट्टी नाही. काम कमी-जास्त असेल, पण रविवार नाही, ईद नाही, गणपती नाही, नाताळ नाही. राहायला खालच्या मजल्यावर दोघांत एक खोली, खिडकीशिवाय. तो म्हणायचा, "आपा, समुद्रावर आठ महिने काढले, पण समुद्र पाहायला वर जावं लागायचं, आणि वर जायला वेळ नसायचा."

यात बेकायदेशीर काही नाही, हीच तर गोष्ट आहे. सागरी कामगारांसाठी २००६ साली आंतरराष्ट्रीय करार झाला. तो २०१३ मध्ये लागू झाला आणि भारताने २०१५ मध्ये त्याला मान्यता दिली. त्यात विश्रांतीचं किमान माप आहे: चोवीस तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास. ती विश्रांती दोनपेक्षा जास्त तुकड्यांत द्यायची नाही आणि त्यातला एक तुकडा सलग ६ तासांचा हवा. आता उलट हिशेब करा. आठवड्याचे १६८ तास, त्यातून ७७ वजा केले की ९१ उरतात. म्हणजे आठवड्याला ९१ तास काम कायद्याच्या चौकटीत बसू शकतं. शाळेत आम्हा शिक्षकांना एक जादा तास दिला की स्टाफरूममध्ये केवढा कल्लोळ होतो, ते मला माहीत आहे.

आता या माणसाच्या विश्रांतीचा तुकडा आपल्यामुळे कसा मोडतो ते पाहा. दुपारी दोन ते चार त्याला पाठ टेकायची असते. आपण 'खोली आता नको, नंतर करा' म्हणतो आणि हे 'नंतर' दुपारी तीनला येतं. एका केबिनने असं केलं तर चालतं, सहा केबिननी केलं की त्याची झोप गेली. म्हणून खोली कधी रिकामी असेल ते पहिल्याच दिवशी सांगावं आणि ती वेळ पाळावी. ओले टॉवेल एका जागी ठेवावेत. मुलांनी सांडलेला रस निदान कागदाने टिपावा. कुराणपठण, नमाज आणि रोजे यांच्या वक्तशीरपणाचा आपल्याला अभिमान असतो. दुसऱ्याच्या झोपेची वेळ पाळणं हाही त्यातलाच भाग आहे. आमच्याकडे त्याला हुकूकुल इबाद म्हणतात, माणसांचे माणसांवरचे हक्क.

आणि त्याच्या छातीवर नाव लिहिलेलं असतं. ते वाचावं. 'ए भाऊ', 'हॅलो', 'शुक शुक' यापेक्षा नाव सोपं असतं.

टिपेचा वाद

इथे कुणीतरी म्हणणार की टिप ही आपली पद्धत नाही. कंपनीने पुरेसा पगार द्यावा, आमच्या खिशात हात का घालावा? हा मुद्दा मी उडवून लावणार नाही, कारण तो खरा आहे. जहाजाची मालकी एका देशात, झेंडा बहामा, पनामा, बर्म्युडा किंवा माल्टाचा, कामगार भारत, फिलिपीन्स आणि इंडोनेशियाचे, ही रचना कंपन्यांना स्वस्तात पडते म्हणूनच टिकून आहे. पगाराचा भार प्रवाशाच्या मेहेरबानीवर ढकलणं हा कंपनीचा दोष आहे, तो स्पष्ट शब्दांत मांडला पाहिजे.

पण आपण तो कुठे मांडतो? अनेक मोठ्या कंपन्या माणशी दररोज ठरावीक रक्कम सेवाशुल्क म्हणून बिलाला जोडतात. काही कंपन्यांकडे ती काढून टाकायची सोय असते. प्रवासाच्या शेवटच्या रात्री चौकशीच्या खिडकीवर रांग लागते, ती रक्कम काढून घेणाऱ्यांची. कंपनीच्या मालकाला त्या रांगेचा पत्ताही नसतो. ज्याने आठवडाभर आपला बिछाना घातला त्याच्या हातून पैसे जातात. हा कंपनीविरुद्धचा निषेध म्हणायचा का? कंपनीवर राग असेल तर तिला पत्र लिहा, तिकीट काढतानाच विचारा की सेवाशुल्क किती आणि ते कुणाला जातं. परवडत नसेल तर एक रात्र कमी करा. सात दिवस सेवा घेऊन आठव्या सकाळी तत्त्व आठवणं ही बचत आहे. तिला तत्त्वाचं नाव देऊ नये.

घाम वाळायच्या आत मजुराला मजुरी द्यावी, ही शिकवण आमच्या मशिदींतून वर्षानुवर्षं ऐकवली जाते. ती फक्त घर बांधणाऱ्या गवंड्यासाठी नाही.

पहिल्या तासाची कवायत

शिष्टाचाराच्या याद्यांत न सापडणारी पण जिवाशी गाठ असलेली एक गोष्ट म्हणजे सुरक्षा कवायत. जहाज सुटायच्या आधी प्रत्येक प्रवाशाने ठरवून दिलेल्या जागी जायचं, लाइफ जॅकेट कसं घालायचं ते पाहायचं, भोंग्याची खूण ऐकायची. आता बऱ्याच जहाजांवर आधी फोनवर चित्रफीत पाहायची आणि मग त्या जागी जाऊन नोंद करायची, अशी पद्धत आहे. मुंबई-गोवा प्रवासात मी पाहिलं, आमच्याच गटातले लोक ती चित्रफीत आवाज बंद करून चालू ठेवत होते आणि तोवर बॅगा उघडत होते. एक गृहस्थ नोंद करायला आलेच नाहीत. त्यांना शोधायला एक मुलगी तीन मजले वर-खाली धावत होती. ते सापडले तेव्हा बारच्या रांगेत होते, आणि वर तिलाच म्हणाले, "अहो, आम्ही काय पोहायला येणार आहोत?"

१३ जानेवारी २०१२ च्या रात्री कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आपटलं. जहाजावर ४,२०० हून अधिक माणसं होती, ३२ जण मेले. चूक कप्तानाची होती, त्याला शिक्षा झाली. प्रवाशांचा त्यात काही दोष नव्हता. पण त्याच संध्याकाळी चढलेल्या सुमारे ७०० प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती, कारण तेव्हाचा नियम त्यासाठी चोवीस तासांची मुभा देत असे. अंधारात, कललेल्या जहाजावर कुठे जायचं हेच त्यांना कुणी दाखवलेलं नव्हतं. त्यानंतर नियम बदलला. १ जानेवारी २०१५ पासून ही कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावी लागते. म्हणजे आज आपल्याला जो वीस मिनिटांचा जाच वाटतो त्यामागे ३२ कबरी आहेत.

त्या दुर्घटनेतला शेवटचा मृतदेह नोव्हेंबर २०१४ मध्ये सापडला, जहाज भंगारात काढताना. तो एका भारतीय वेटरचा होता. मुंबईकडचा मुलगा. प्रवाशांना बाहेर काढायला जो थांबतो तो हाच माणूस असतो, ज्याला आपण जेवताना 'ए' म्हणून हाक मारली होती. संकटात वाढप्याचा आणि सफाई कामगाराचा बोटीवरचा हुद्दा बदलतो. त्याला प्रवाशांना वाट दाखवण्याचं, होड्यांपर्यंत नेण्याचं काम नेमून दिलेलं असतं. कवायत टाळणारा स्वतःच्या जिवाशी खेळतोच, शिवाय त्याला शोधायला मागे थांबणाऱ्याच्या जिवाशीही खेळतो.

आमचा किनारा १७ जुलै १९४७ ची रामदास बोट विसरलेला नाही. मुंबईहून रेवसला निघालेली, आषाढातली, सहाशेहून अधिक माणसं घेऊन बुडालेली. ज्या घरांत अजून तिची आठवण निघते त्या घरांतल्या माणसांनी तरी कवायतीला हसू नये.

ताट, वजू आणि हलाल

बुफेवर जे दिसतं त्याला उर्दूत एक नेमका शब्द आहे: इसराफ. गरजेपलीकडची उधळण. आठ पदार्थ ताटात, दोन खाल्ले, सहा टाकले, आणि ताट तसंच ठेवून पुन्हा नव्या ताटाने रांगेत. हे करणाऱ्यांत सगळ्या धर्मांचे लोक असतात. पण माझा रोख आधी माझ्या माणसांकडे आहे, कारण हलाल आहे का हे विचारताना जी बारकाई आपण दाखवतो, ती टाकताना कुठे जाते? ज्या धर्माने काय खावं ते सांगितलं, त्यानेच किती खावं आणि टाकू नये हेही सांगितलं. अर्धा हुकूम पाळून पुऱ्या पुण्याची आशा धरू नये.

हलालची चौकशी जरूर करावी, तो आपला हक्क आहे. पण तिची जागा तिकीट काढताना आहे. तेव्हा लेखी विचारावं, उत्तर लेखी घ्यावं, जहाजावर गेल्यावर मुख्य वाढप्याला एकदा भेटून खात्री करावी. मागे शंभर माणसं उभी असताना बुफेवरच्या इंडोनेशियन मुलाची उलटतपासणी घेऊ नये. तो बऱ्याचदा स्वतः मुसलमान असतो आणि त्याला पुरवठ्याबद्दल काही ठाऊक नसतं. जैन आणि शाकाहारी मंडळींनाही हेच लागू आहे. चमचा कुठल्या भांड्यात बुडाला यावरून वाढणाऱ्यावर ओरडून पदार्थ शुद्ध होत नाही.

नमाजाचं म्हणाल तर केबिनमध्ये जागा पुरते. अरुंद मार्गिकेत मुसल्ला पसरून येणारी-जाणारी माणसं अडवू नयेत. तो मार्ग आणीबाणीत पळायचा मार्ग असतो. जमात करायची असेल तर रिकाम्या दालनाची विनंती करावी, अनेकदा ती मान्य होते. वजू करताना केबिनच्या चिमुकल्या बाथरूममध्ये तळं होतं, ते आपण पुसावं. माझा मामेभाऊ पाच वेळचा नमाजी. तोही म्हणायचा की आपल्या लोकांच्या केबिनमध्ये फरशी सर्वांत ओली असते, आणि जहाज हललं की तिच्यावरून घसरून पडतो तो स्टुअर्डच.

हात धुण्याची मात्र आपली सवय इथे कामाची. बंद जहाजात नोरोव्हायरस झपाट्याने पसरतो आणि उलट्या-जुलाबांनी शेकडो माणसं आडवी होतात. दारात ठेवलेलं सॅनिटायझर त्याच्यावर फारसं चालत नाही, साबण आणि पाणीच लागतं. पोट बिघडलं असेल तर सहल वाया जाईल या भीतीने ते लपवून बुफेवर जाणं, यासारखा दुसरा असभ्यपणा क्रूझवर नाही. डॉक्टरला सांगावं, खोलीत थांबावं. साथीच्या काळात गाव सोडून जाऊ नये आणि साथीच्या गावात शिरू नये, हे आम्हाला शाळेच्या आधी मदरशात शिकवतात.

सिगारेटबद्दल एकच गोष्ट सांगते. मार्च २००६ मध्ये स्टार प्रिन्सेस या जहाजाच्या बाल्कन्यांना कॅरिबियन समुद्रात आग लागली. न विझवता टाकलेलं थोटूक हेच सर्वांत संभाव्य कारण ठरलं. कठड्यावरून फेकलेली वस्तू समुद्रात पडेलच असं नाही. वाऱ्याने ती खालच्या बाल्कनीतही जाते. आणि समुद्रात पडली तरी ते चांगलं नाही. जहाजावरून प्लास्टिक समुद्रात टाकायला १९८८ च्या अखेरीपासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे.

नजर आणि कॅमेरा

तरणतलावाच्या कडेच्या खुर्च्या सकाळी सहाला टॉवेल टाकून अडवून ठेवायच्या आणि स्वतः अकराला यायचं, हा रोग जगभरच्या क्रूझवर आहे. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे आपण, आपल्याला तो लगेच जडतो. पण त्या तलावाच्या काठावर याहून वाईट काहीतरी चालतं आणि त्याबद्दल पुरुष बोलत नाहीत, म्हणून मी बोलते.

परदेशी बाई पोहण्याच्या कपड्यांत दिसली की आपल्याकडच्या काही पुरुषांचे फोन वर होतात. 'मी समुद्राचा फोटो काढतोय' असं सांगतात. त्याच काठावर पूर्ण अंग झाकून पोहायला उतरलेली एखादी मुसलमान मुलगी असेल तर तिच्यावरही नजरा खिळतात, हसू दाबलं जातं, कुणी म्हणतं, 'हिला इथे कशाला यायचं होतं?' एकीचे कपडे कमी म्हणून बघायचं, दुसरीचे जास्त म्हणून बघायचं. दोघींचा दोष एकच, की त्या पाण्यात मजा करत होत्या आणि यांच्या डोळ्यांना ते सोसवलं नाही.

आमच्यातल्या धार्मिक पुरुषांना तर मी आवर्जून सांगेन. बायकांच्या पडद्यावर तासतासभर बोलता येतं तुम्हाला. नजर खाली ठेवण्याचा हुकूम आधी पुरुषांना आहे, मग बायकांना. क्रूझवर जाऊन 'काय हे नंगेपण' असं म्हणत टक लावून पाहणं ही कुठली परहेजगारी? जिथे जायचं नसेल तिथे जाऊ नका. गेलात तर डोळे सांभाळा. कपडे दुसऱ्याचे असतात, नजर आपली असते.

कर्मचाऱ्यांच्या बाबतीतही कॅमेऱ्याचा हाच नियम. वाढणाऱ्या मुलीला 'एक सेल्फी' म्हणून खांद्याला धरणं, नाचायला ओढणं, तिच्या हसण्याचा वेगळा अर्थ लावणं. हसणं हा तिच्या नोकरीचा भाग आहे. नकार देणं तिला परवडेल याची खात्री नाही, म्हणूनच आपण विचारण्याआधी थांबायचं.

किनाऱ्यावरचे लोक

जहाजाने बंदर गाठलं की दोन-तीन हजार माणसं एकाच वेळी गावात उतरतात, सहा तास फिरतात आणि जहाजात जेवायला परत जातात. गावाला गर्दी मिळते, पैसा मोजकाच मिळतो. व्हेनिसने १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांपेक्षा मोठ्या क्रूझ जहाजांना शहराच्या ऐतिहासिक भागातून जायला मनाई केली, ती काही हौसेने नाही.

आपल्या जवळचं उदाहरण लक्षद्वीपचं. २०११ च्या जनगणनेत तिथली ९६ टक्क्यांहून अधिक लोकसंख्या मुसलमान होती. लहान बेटं, प्रवाळाची, गोड्या पाण्याची चणचण असलेली. बंगारामसारखं बेट सोडलं तर दारूबंदी. तिथे उतरून 'दारू का नाही' म्हणून वाद घालणं, वस्तीतून पोहण्याच्या कपड्यांत फिरणं, प्रवाळावर उभं राहून फोटो काढणं, मशिदीच्या अंगणात चपला घालून शिरणं हे प्रकार टाळायला खास ज्ञान लागत नाही. कुणाच्या तरी अंगणात आलो आहोत, एवढं भान पुरतं. जहाजावर कुणी काय घालावं हा माझा प्रश्न नाही, तसा अगत्तीच्या गल्लीत तिथल्या लोकांचा संकोच हा तुमच्या थट्टेचा विषय नाही. हा नियम दोन्ही बाजूंनी सारखाच चालवला पाहिजे.

गोव्यातही हेच. मासे विकणाऱ्या बाईच्या तोंडासमोर कॅमेरा धरायचा, भाव दहा वेळा पाडायचा आणि काहीच न घेता निघायचं. तिचा मुलगा कदाचित आपल्याच जहाजाच्या स्वयंपाकघरात असतो.

'आम्ही आराम करायला जातो'

शेवटचा आक्षेप मला पाठ आहे: वर्षभर राबतो, चार दिवस आराम करायला जातो, तिथेही शिकवणी? हो, तिथेही. आराम हवा तसा करा. उशिरा उठा, गा, नाचा, पोहा, काहीच करू नका. यात कुठेही माझी आडकाठी नाही. वर सांगितलेल्या एकाही गोष्टीने आपला आराम कमी होत नाही. नाव घेऊन हाक मारायला, ताटात बेताने घ्यायला, वीस मिनिटं कवायतीला उभं राहायला सुट्टीतला कितीसा वेळ जातो?

आमच्या आधीच्या पिढ्यांनी जहाजाचा प्रवास गर्दीत केला. कोकणच्या आगबोटी दाभोळ, जयगड, रत्नागिरी करत जायच्या आणि प्रवाशांना पडावातून किनाऱ्याला लावायच्या. मुंबईहून हजच्या बोटी जायच्या, १९९५ पासून ती समुद्राची वाट बंद झाली. त्या प्रवासांत सोयी नव्हत्या. गैरसोय, उलट्या आणि धक्काबुक्की भरपूर होती, मी त्यांचं गोडवं गाणार नाही. पण डेकवर शेजारी कोण झोपलंय, त्याला ताप आहे का, पाणी सगळ्यांना पुरेल का, याचा विचार तिथे करावाच लागे. आता जहाजावर प्रत्येकाला स्वतंत्र खोली आहे, म्हणून तो विचार करणं आपल्या मर्जीवर आलं आहे. माणसाचा अदब मर्जीवर सोडला की कळतो.

हजला जाणाऱ्यांसाठी आधी प्रशिक्षण शिबिरं होतात. काय न्यावं, कुठे थांबावं, गर्दीत कसं वागावं हे तिथे सांगतात आणि त्याचा उपयोग होतो. आमच्या गावांतून, मोहल्ल्यांतून, शिक्षकांच्या आणि ज्येष्ठ नागरिकांच्या गटांतून आता क्रूझच्या सहली निघतात. त्या काढणाऱ्यांना माझी एक मागणी आहे. निघण्याआधी सगळ्यांना अर्धा तास एकत्र बसवा. कोटाचं आणि काट्याचं पाच मिनिटांत उरका. उरलेला वेळ जहाजावर काम केलेल्या एखाद्या माणसाला बोलू द्या. असा माणूस शोधायला कोकणात लांब जावं लागणार नाही. बहुतेक तो त्याच गल्लीत राहत असेल.